आकाशातून भूगर्भाचा वेध

मिठबावचा सडा पाहणाऱ्यास जांभा दिसतो, चिरेखाणी दिसतात. भूवैज्ञानिकास मात्र त्या जांभ्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट दिसतो. दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्याकडे सरकावे, तर त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइटी खडक आणि कलादगी समूहाचे वालुकाश्म उघडे पडतात.

हा भेद महत्त्वाचा आहे. बेसॉल्टमध्ये युरेनियम दहा लाख भागांत जेमतेम एक भाग. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार भाग. याच कलादगी खोऱ्यात, बेळगाव जिल्ह्यातील देशनूर परिसरात, वालुकाश्मांत युरेनियम आढळले आहे.

या शोधकार्याचा पाया १९४९ साली दाराशॉ वाडिया यांच्या मार्गदर्शनाखाली घातला गेला. आजचे हैदराबादचे परमाणु खनिज संचालनालय ही त्याचीच परिणती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या इंधनासाठी देशास वारंवार परकीयांच्या दाराशी जावे लागले. स्वदेशातील साठ्यांचे मोल तेव्हा उमगले.

विमान वा हेलिकॉप्टर सुमारे शंभर मीटर उंचीवरून समांतर रेषांत उडते. त्यातील सोडियम आयोडाइडचे स्फटिक जमिनीतून येणारे गॅमा किरण टिपतात. गंमत अशी, की यंत्र युरेनियम थेट मोजत नाही. त्याच्या वंशातील बिस्मथ-२१४ चे १.७६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण मोजते. थोरियमची खूण २.६२ वर उमटते. किनाऱ्यावरील काळ्या वाळूत मोनाझाइटचे कण असले, तर यंत्र खुणावते. पण तो संकेत प्रामुख्याने थोरियमचा असतो.

शिवाय हे किरण जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरातूनच येतात. खाडीचे पाणी वा ओली शेतजमीन त्यांना शोषून घेते. म्हणून नकाशावरचा लाल ठिपका म्हणजे खाण नव्हे, आणि कोरा नकाशा म्हणजे नकारही नव्हे. प्रत्यक्ष पाहणी, नमुन्यांचे पृथक्करण आणि वेधनछिद्रे यांनंतरच साठा ठरतो.

आंबा-काजूवर जगणाऱ्या गावास अफवा महाग पडते. आंधळा होकारही तितकाच महाग. उद्या डोक्यावरून असे विमान गेलेच, तर ग्रामसभेने तीन प्रश्न विचारावेत: संकेत युरेनियमचा की थोरियमचा? जमिनीवर पडताळणी झाली काय? वेधनात काय हाती आले? राष्ट्राची गरज आणि गावाची जमीन, दोहोंचा मान राखणारा निर्णय या उत्तरांवरच उभा राहू शकतो.