नव्या सायकल शर्यतीची ओळख

(सुरत येथील मराठी भाषिकांच्या मेळाव्यात विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. चार टप्पे आणि सुमारे ४३७ किलोमीटरचा मार्ग. या दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत आपल्या देशात प्रथमच झाली. सह्याद्रीतील शेकरू हे तिचे बोधचिन्ह होते. निवड उचितच म्हणावी लागेल. परंतु केवळ बोधचिन्हाने शर्यत लोकांच्या मनात रुजत नाही. पहिल्या वर्षी कुतूहलापोटी गर्दी होतेच. खरा प्रश्न पाचव्या वर्षाचा असतो.

चीनच्या राजधानीत २०११ साली मोठ्या इतमामाने शर्यत सुरू झाली. जगातील अग्रगण्य संघ तेथे उतरले. २०१४ नंतर ती बंद पडली. याउलट इटलीतील तस्कनी प्रांतातली ‘स्त्रादे बियांके’ पाहा. तिचा जन्म २००७ चा, म्हणजे वयाने ती लहानच. तिचे नावच मुळी ‘पांढरे रस्ते’ असे आहे. डांबर न पडलेले, धुळीचे ग्रामीण रस्ते, ज्यांची एरवी कोणाही अभियंत्याला लाज वाटावी, तेच तिचे वैभव ठरले. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील उदाहरण तर शिक्षकबंधूंनी अवश्य ध्यानी घ्यावे. तेथील ‘त्रो ब्रो लेऑन’ ही शर्यत १९८४ साली सुरू झाली, ती ब्रेटन भाषेच्या शाळांसाठी निधी जमवावा म्हणून. शेतातल्या पायवाटांवरून ती जाते आणि सर्वांत पुढे आलेल्या स्थानिक स्पर्धकाला बक्षीस मिळते डुकराचे पिल्लू! हसू येते खरे. पण ते बक्षीस तेथील शेतकऱ्याच्या घरचे आहे.

आपल्याकडेही ही दृष्टी नव्हती असे नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या दोन शब्दांत सारा घाट उभा राहतो. असे नाव जाहिरात संस्थेकडून विकत आणता येत नाही.

आता आपल्या सुरतेकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत. उद्या येथून तिकडे शर्यत काढायची झाली तर? वाटेवर बारडोली आहे, जेथे १९२८ चा सत्याग्रह झाला. पुढे व्यारा, सोनगड आणि नंतर नवापूर, ज्याचे रेल्वे स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात आहे. तेथे टप्पा संपला तर अंतिम रेषेसाठी वेगळी कल्पना लढविण्याची गरजच काय? त्यापुढे कोंडाईबारीचा घाट. तो प्रथम चढणाऱ्यास नवापूरच्या तूरडाळीचे पोते द्यावे आणि एकूण विजेत्यास सुरतेच्या जरीचा फेटा बांधावा. हमरस्त्यावर मालमोटारींची वर्दळ फार, म्हणून शक्य तेथे गावांतून जाणारे जुने रस्ते घ्यावेत.

येथे अधिकारी मित्रांना एक विनंती. ज्या गावाचा रस्ता शर्यतीसाठी बंद होतो, त्या गावाचे नाव शर्यतीत कोठेतरी आले पाहिजे, टप्प्याला किंवा निदान एखाद्या चढणीला. नाहीतर गावकऱ्यांच्या लेखी ती केवळ पोलिसांनी अडविलेली वाट ठरते. पाहुण्यांसाठी गुळगुळीत केलेला रस्ता पुढच्या पावसाळ्यानंतरही दुरुस्त राहिला, तर गाव शर्यतीची वाट पाहील. शिक्षकांनी मुलांकडून आपापल्या गावाची माहिती लिहून घ्यावी आणि समालोचकाने तीच वाचावी. आणि रस्ता केव्हा बंद, केव्हा खुला, याची सूचना आठ दिवस आधी दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागावी. सकाळचे दूध शर्यतीसाठी थांबत नाही.