कामाच्या टेबलावरचे तेल



ठाणे जिल्ह्याला यंत्रांचा शेजार जुना आहे. भिवंडीत यंत्रमाग आले. १९६२ साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे काम ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून सुरू झाले. डोंबिवली-अंबरनाथकडे कारखाने वाढले. त्यामुळे इकडे पुष्कळ घरांच्या पडवीत वा गॅलरीत एखादे कामाचे टेबल असते. त्यावर एक व्हाइस, चार पाने, हातोडी, कानस आणि तेलाची कुपी. मुरबाड-शहापूरकडे शेतकऱ्याच्या ओटीवर पंपाचे सुटे भाग असतात. सामान निराळे असेल, पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच, टेबलावर पसरलेले तेल.

आपण काय करतो? चिंधी घेतो, पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर! तेल पुसण्याआधी ते येते कोठून हे शोधायला हवे.

पहिला संशय कुपीवर घ्या. अर्धी रिकामी कुपी उन्हात राहिली की आतली हवा तापून फुगते. नळी तेलात बुडालेली असेल तर ती हवा तेलाला नळीवाटे बाहेर ढकलते. म्हणजे कुपी फुटलेली नसतानाही गळते. शिक्षकमित्रांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. बाटलीत अर्धे रंगीत पाणी घ्या. तळाजवळ पोचेल अशी नळी तोंडातून घाला आणि भोवती मेण लावून तोंड बंद करा. मग बाटलीला गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळा. नळीत पाणी चढू लागलेले मुलांना दिसेल. उपाय यातच आला. कुपी सावलीत, उभी आणि ताटलीत ठेवावी.

दुसरा संशय यंत्रावर. येथे एक गंमत आहे. थेंब जेथे पडतो तेथे गळती असतेच असे नाही. तेल पत्र्याच्या कडेने, बोल्टच्या आट्यांतून सरपटत खाली येते. म्हणून आधी यंत्र बंद करा, स्वच्छ पुसून कोरडे करा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरा. थोड्या वेळाने पूड जेथे ओली दिसेल, त्यातली सर्वांत वरची जागा पाहा. गळतीचे मूळ बहुधा तेथेच सापडते. मग सैल बोल्ट आवळा, झिजलेला वॉशर किंवा पॅकिंग बदला. आठ आण्याच्या कामासाठी दहा रुपयांचे तेल का घालवावे?

तिसरे कारण आपला हात. आपल्याकडे पावसाळ्यात हत्यारे गंजतात, म्हणून आपण तेल ओततो. पण गंज थांबवायला पातळ थर पुरतो. तेलाचा हात लावलेले फडके हत्यारावरून फिरवले की झाले. जादा तेलावर धूळ आणि लोखंडाचा कीस बसतो, आणि तोच चिखल मग यंत्र झिजवतो.

आता टेबलाचे पाहू. लाकूड तेल पिते. म्हणून काम करण्याच्या जागी कडा वर वळवलेला जस्ताचा पत्रा बसवावा. सांडलेच तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, तेल शोषू द्या आणि मग झाडून घ्या. उरलेला डाग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन घासा. पेट्रोलने टेबल पुसू नये. त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. जमिनीवरचे तेल तर लगेच काढावे. चालू यंत्राजवळ पाय घसरला तर हात कोठे जाईल याचा नेम नाही.

चिंध्यांविषयी सुतारकाम करणाऱ्यांनी नीट ऐकावे. जवसाचे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. अशा चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडला तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही ढीग पेटू शकतो. त्या चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. यंत्राच्या तेलाच्या चिंध्या अशा आपोआप पेटत नाहीत, पण ठिणगी पडली तर भडकतात. त्याही झाकणाच्या डब्यातच ठेवा.

शेवटची गोष्ट जळक्या तेलाची. इंजिनातून काढलेले काळे तेल अंगाला लागू देऊ नये. लागलेच तर रॉकेलने नव्हे, साबणाने हात धुवावेत. ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. ओढा नदीला मिळतो. कर्जत-बदलापूरकडून येणाऱ्या उल्हास नदीचे पाणी पुढे कल्याण-डोंबिवलीच्या घरांत प्यायला जाते. वरच्या गावाने ओतलेले खालच्या गावाच्या हंड्यात यायला वेळ लागत नाही. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. घरचे थोडे असेल तर झाकणाच्या डब्यात साठवा, आणि जे गॅरेज आपले जुने तेल अशा ठिकाणी देते, तेथे नेऊन द्या.

तेव्हा गळती मुळाशी थांबवा, उरलेले थेंब ताटलीत धरा आणि जुने तेल योग्य हाती द्या. टेबल स्वच्छ राहील, घर सुरक्षित राहील आणि खालच्या गावाचे पाणीही.