विणणाऱ्या हातांसाठी बाघ प्रिंटची पिशवी

(मंडळाच्या महिला शाखेच्या देवास येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शिवणकामावर बोलायला मला बोलावलंत, याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतं. मी राज्य सरकारचा नोकर, सिव्हिलचा डिप्लोमावाला. आधी नकाशा, मग कात्री, ही शिस्त डिप्लोम्यानं दिली. बाकी सगळं आईच्या पायमशीननं शिकवलं.

आमच्या धारच्या घरी आई दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा स्वेटर विणायची. लोकर आणि सुया असायच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या थैलीत. माझ्या मुलीच्या स्वेटरची पाठ अर्धी झाली होती. सुईनं थैली फाडली, सुई निसटली आणि टाके उसवत गेले. आईला मोतीबिंदू होता, टाके उचलणं जमेना. "नंतर बघू," म्हणाली. पुढच्या हिवाळ्यात आई नव्हती.

तेव्हापासून मी विणणाऱ्यांसाठी पिशव्या शिवतो. कापड आपल्याच धार जिल्ह्यातलं, बाघचं. तिथले खत्री कारागीर कापडाला हिरड्याचं पाणी देतात, लाकडी ठशांनी फिटकरी आणि लोखंडाचा गंज यांचे लेप छापतात, नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि धावडीच्या फुलांसोबत रंगात उकळतात. फिटकरीची जागा लाल होते, गंजाची काळी. एवढ्या मेहनतीचं कापड घडी करून कपाटात ठेवण्यासाठी नसतं.

पहिली वस्तू, सुयांची गुंडाळी. वरचं कापड आणि अस्तर, दोन्ही १८ बाय २४ इंच. अर्धा इंच माया धरून शिवा, उलटवा. खालून ६ इंच वर दुमडा आणि सव्वा-सव्वा इंचावर उभ्या टिपा मारा. एका कप्प्यात एक जोडी. १४ इंची सुई ठेवल्यावरही वर ३ इंच कापड उरतं, ते सुयांवर झाकायचं. मात्र दुमडलेल्या भागावर नक्षी उलटी दिसते. कैरी किंवा झाड असेल, तर खिसा वेगळा कापून लावा.

दुसरी, मनगटात अडकवायची पिशवी. अंग ८ बाय ८ इंच, एक बंद ४ इंचांचा, दुसरा ८ इंचांचा. लांब बंद आखूड बंदातून ओवला की तोंड आवळतं. लोकरीचा गुंडा आत फिरत राहतो, जमिनीवर लोळत नाही. बसची वाट पाहतानाही विणता येतं.

तिसरी, विणलेल्या पिशवीला अस्तर. विणलेली पिशवी वजनानं लोंबते. अस्तर तिच्यापेक्षा अर्धा इंच आखूड ठेवा आणि बंदाची टोकं अस्तरालाच पक्की शिवा. भार कापड घेतं, विणीचा आकार टिकतो.

काही पथ्यं. कापड आधी वेगळं धुवून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. आत गुळगुळीत पॉपलीन लावा. चेन लावू नका, लोकर अडकते. नेफा करून नाडी ओवा. आरसे-टिकल्यांचं कापड दिसायला छान, पण लोकरीचे धागे ओढतं. मोठी नक्षी असेल तर आधी कागद ठेवून बघा, फूल शिवणीत जाऊ देऊ नका.

अर्धवट विणकाम बहुतेक कंटाळ्यानं राहत नाही. ते नीट ठेवायला जागा नसते, म्हणून राहतं.

आईची ती अर्धी पाठ, सुईसकट, मी शिवलेल्या पहिल्या पिशवीत आहे. मुलगी आता विणायला शिकते आहे. पिशवी मी शिवू शकतो, पण उसवलेले टाके उचलायला मला येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिला शिकवलंत, तर आरतीनंतर तिला घेऊन येतो. मानधन म्हणून बाघ प्रिंटची एक गुंडाळी नक्की!

गणपती बाप्पा मोरया!