बोर्डिंगची भाकरी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं आणि विषय दिलाय, ‘मिशनचं शैक्षणिक व सामाजिक कार्य’. विषय मोठा, वक्ता लहान. आपण १९७५ ची नव्या पद्धतीची पहिली दहावी, त्यातही मी बोर्डिंगात राहिलेला, म्हणून हे माझ्या वाट्याला आलं असावं.

इतिहास लवकर उरकतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला उतरली, १८३१ मध्ये नगरला आली. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघाला. मला मात्र सगळ्यांत नवल वाटतं ते मिस सिंथिया फरार यांचं. लग्न न केलेली एकटी बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला येते, मुलींच्या शाळा काढते, १८३९ मध्ये नगरला येते आणि १८६२ मध्ये इथेच देह ठेवते. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या मुलींच्या शाळा इथे येऊन पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा उघडली. पुढे १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी कॉलेज काढलं, तिथे आपल्यातले निम्मे शिकले.

आता माझं सांगतो. ७२ चा दुष्काळ. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. दादांनी मला इथे आणलं, तेव्हा गावात सगळे म्हणाले, “पोरगं बाटवतील.” दादांनी पाळकसाहेबांना तोंडावरच विचारलं, “बाटवणार का?” साहेब म्हणाले, “जेवील, अभ्यास करील. बाकीचं मोठा झाल्यावर त्याचं तो बघेल.” ही तुळशीची माळ तेव्हाही गळ्यात होती, आजही आहे. रविवारी रांगेनं देवळात जायचो, म्हणजे चर्चमध्ये. तिथे ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे. ती चाल कानाला घरचीच वाटायची.

एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिला आठवडा मी पंगतीत बसलो नाही. ताट घेऊन कोपऱ्यात जायचो. कोणाच्या शेजारी बसायचं नाही, हे गावाकडून सोबत आणलं होतं. स्वयंपाकाच्या मावशींनी एक अक्षर काढलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या माझ्या जागेवर सरपणाची मोळी आणून टाकली. बसायला दुसरीकडे जागाच नव्हती.

भाकरी मिलोची. तांबडी, थापताना तुटायची, गार झाली की दगड. तरी मी दर शनिवारी दोन भाकऱ्या चोरून पेटीत ठेवायचो, धाकट्या बहिणीसाठी. घरी जायला महिना महिना मिळायचा नाही, हे काही डोक्यात आलं नाही. एकदा वास सुटला. पेटी उघडली, बुरशीचा ढीग. मला वाटलं, आता घरी पाठवणार. मावशींनी विचारलं, “कोणासाठी?” मी सांगितलं. पुढच्या सोमवारी पाळकसाहेब माझ्याबरोबर एस.टी.नं आमच्या गावी आले, आणि बहीण मुलींच्या बोर्डिंगात दाखल झाली.

तीच पुढे मिरजेला, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. आमच्या आईचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. मी तेव्हा सोलापूरला बँकेत होतो आणि रजा मिळत नव्हती.

मावशींना भेटायला मी गेलो का? नाही. नोकरी लागली, लग्न झालं, पुढच्या दिवाळीत जाऊ म्हणता म्हणता राहिलं. १९९१ ला गेलो तेव्हा मावशी नव्हत्या.

परवा बोर्डिंग पाहून आलो. पत्रा गळतो, मोरीचं दार निखळलंय. मुलं आहेत, आणि बहुतेक ऊसतोड कामगारांची. आईबाप दिवाळीला कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. पोरं सोबत नेली की शाळा सुटते, मागे ठेवली तर म्हातारी आजी किती दिवस सांभाळणार? त्या सहा महिन्यांत त्यांना बोर्डिंग हवं असतं. तिथल्या बाई म्हणाल्या, “जागा नाही म्हणून यंदा मुली परत पाठवल्या.” किती, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वर्गाच्या निधीतून शाळेला कमान बांधायचा ठराव उद्या सकाळी येणार आहे. नकाशा पाहिला, कमान देखणी आहे. माझ्या वर्गणीचा धनादेश मी खजिनदारांकडे दिलाय, त्यामागे पेन्सिलीनं ‘बोर्डिंगचा पत्रा’ असं लिहिलंय. ठराव कमानीचा झाला तर मी तो परत मागणार नाही, पण विरोधात हात नक्की वर करीन. आणखी कोणाला करायचा असेल त्यांनी सकाळी नऊच्या आत या, चहा बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आहे.