गाय किती वेतांची?

(भिवंडी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, यंत्रमागांच्या गावात गाईंवर बोलायला उभा राहिलोय. पण गावाबाहेर पडलं की तबेल्यांचा वासच सांगतो, इथे दुसराही एक धंदा आहे. २०२१ साली आपल्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दुधाच्या धंद्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली. आमची मजल बादलीपर्यंतच.

मला लोक विचारतात, सगळ्यांत चांगली गाय कोणती? हा प्रश्न मीही एकदा बाजारात विचारला होता. काळी-पांढरी एचएफ संकरित गाय, कास जमिनीला टेकायची बाकी. विकणारा म्हणाला, "अठरा लिटर, डोळे झाकून." मी खरोखरच डोळे झाकले. दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून आणली होती. घरी आल्यावर दिवसाचं दूध भरलं अकरा लिटर. काकांनी तिच्या शिंगांवरून हात फिरवला, दात पाहिले आणि विचारलं, "कितवं वेत?" ते मी विचारलंच नव्हतं.

पुढे मे महिना आला. सकाळी दहा वाजल्यापासून ती जीभ काढून धापा टाकायची. चारा टाकला तरी तोंड फिरवायची. मग गोचिडांतून ताप आला, डॉक्टरांनी थायलेरिया सांगितला. गाय वाचली, वेत गेलं.

यात गाईचा दोष नाही. होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजेच एचएफ, ही मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडची. पारा पंचविशीच्या वर गेला की तिला जाच सुरू होतो, आणि आपल्याकडे वर दमट हवाही असते. जर्सी अंगाने लहान, उन्हाला त्यातल्या त्यात बरी. तिच्या दुधाला फॅट पाचच्या आसपास, एचएफला साडेतीन. आपल्याकडे मात्र वशिंड नसलेल्या कुठल्याही गाईला सरसकट 'जर्सी' म्हणतात, तो भाग वेगळा. गीर सौराष्ट्राची. फुगीर कपाळ, पानासारखे लोंबते कान, सैल कातडी. ऊन आणि गोचीड दोन्ही तिला बरेच सोसतात. फॅट साडेचारच्या आसपास.

आता हिशेब करा. एचएफचं वीस लिटर दूध, साडेतीन फॅट, म्हणजे सातशे ग्रॅम स्निग्धांश. मुऱ्हा म्हशीचं दहा लिटर, सात फॅट, तेही सातशे ग्रॅम. संकलन केंद्रावर पैसे फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धेतर घन पदार्थांवर, मिळतात. तिथे नुसते लिटर सांगून भागत नाही. आणि गीरच्या 'ए-टू', म्हणजे ए-टू प्रकारचं प्रथिन असलेल्या दुधाला दुप्पट भाव मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट: म्हशीचं दूधही बहुतेक ए-टूच असतं. ते आपण रतिबाने कधीपासून पितोय.

म्हशीचं गणित तबेल्यात निराळंच होतं. तिची गाभण मुदत दहा महिन्यांहून जास्त, आणि उन्हाळ्यात माज मुका, म्हणजे दिसतच नाही. शहराजवळ जागा महाग, वैरण विकत. त्यामुळे अनेक तबेलेवाले ताजी व्यालेली म्हैस आणतात, दूध काढतात आणि भाकड झाली की विकतात. पारडाला तर कुणी विचारत नाही. मुंबईतले तबेले बाहेर काढायला १९४९ साली आरे वसाहत झाली, पण ही रीत तबेल्यांबरोबरच फिरत राहिली. एकाच वेताचं जनावर ठेवायचं असेल तर जातीचा विचार कशाला? सगळ्यांत मोठी कास घ्या! माझ्या मते उत्तम म्हशींच्या वंशाचं यात मोठं नुकसान झालं.

आपल्याच जिल्ह्याच्या डोंगराकडची डांगी गाय मात्र जाहिरातीत दिसत नाही. शहापूर, जव्हार, मोखाडा, इगतपुरी, अकोले हा तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे आणि टणक. कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे आषाढात दिवसभर भिजली तरी पाणी अंगावरून निथळून जातं. चिखलणीला डांगी बैल जुंपलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना खुरांचं मोल सांगायला नको. दूध? दोन-तीन लिटर. दुधासाठी ती पाळू नका, हे मी स्पष्ट सांगतो. पण भातशेतीच्या घरी ती आपल्या चाऱ्यावर, आपल्या पावसात, वर्षानुवर्षं उभी राहते. हे एचएफकडून होणार नाही.

मग मधला मार्ग? राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तो काढला: फुले त्रिवेणी. निम्मं रक्त होल्स्टीनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. ब्राझीलनेही आपलीच गीर नेऊन होल्स्टीनशी जुळवली आणि गिरोलांदो घडवली. १९६७ साली स्थापन झालेल्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' या संस्थेने गोठ्यागोठ्यांत संकर पोहोचवला. त्याने महाराष्ट्रात दूध वाढलं हे मान्य करायलाच हवं. फक्त विदेशी रक्त वाढवत नेलं की पंखा, फॉगर आणि डॉक्टर हेही वाढतात, आणि तो खर्च लिटरच्या आकड्यात दिसत नाही.

आता प्रश्न विचारा. पण 'किती लिटर देते' एवढ्यावर थांबू नका. कितवं वेत, मागचं वेत कधीचं, मध्ये किती महिने भाकड होती, हे सांगितलंत तरच मला तुमच्या गाईबद्दल काही बोलता येईल.