सायकलीवरून पाहिलेला मुलूख



चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा मनुष्य कामगार संघटनेचा. मजुरीचे दर, संप आणि कायदे यांपलीकडे तो काय बोलणार? मी म्हटले, ‘सायकलीच्या प्रवासावर बोलतो.’ चालक क्षणभर गप्प बसले. पण मी विषय बदललेला नाही. आज जे सांगणार आहे ते माझ्या कामाचेच आहे. फक्त ते मला हपीसात समजले नाही, वाटेवर समजले.

मी सातवीनंतर शाळा सोडली आणि मोंढ्यावर हमाली धरली. पोती उचलता उचलता आडत दुकानांतली जुनी वर्तमानपत्रे वाचली, तीच माझी शाळा. संघटनेत आलो तेव्हा पहिले साधन मिळाले ते एक जुनी काळी सायकल. पुढे मोटारसायकल आली, भाड्याची जीप आली; कामाचा पसारा वाढला. सायकल पडवीत गंजत राहिली. दहा वर्षांपूर्वी चैत्रात मोटारसायकल दुरुस्तीला पडली, म्हणून नाइलाजाने सायकल बाहेर काढली, चेनला तेल घातले आणि येरमाळ्याहून दोन दिवसांच्या फेरीला निघालो. त्या फेरीची ही हकीगत.

चालणारा मनुष्य तासाला साधारण ५ किलोमीटर जातो. तेवढ्याच श्रमात सायकलवाला १५ किलोमीटर जातो. ह्या वेगाचे एक वैशिष्ट्य आहे. तो काम उरकण्याइतका जलद आहे आणि समोरून येणाऱ्याला ‘राम राम’ घालण्याइतका सावकाश आहे. मोटारीतून गाव म्हणजे एक पाटी. सायकलीवरून गाव म्हणजे आधी कुत्रे, मग आडावरच्या बाया, मग पारावरचे म्हातारे, आणि ‘कुणीकडचं पाव्हणं?’ हा प्रश्न. ह्या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि उत्तर दिले की बसावे लागते.

येरमाळा आपणांस ठाऊक आहे ते येडेश्वरीमुळे. बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे गाव. येथून पश्चिमेला बार्शीकडे निघालात, तर १९४८ सालापर्यंत वाटेत राज्य बदलत असे. बार्शी इंग्रजांची, येरमाळा निजामाचा. एकाच जातीची ज्वारी, एकच भाषा, आणि मधे सरहद्द! पारावरच्या म्हाताऱ्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या त्या काळच्या गोष्टी अजून सांगितल्या. जकात कुठे द्यावी लागे, कोण रात्री कुणाच्या शेतातून पलीकडे गेला. हे इतिहासाच्या पुस्तकात थोडे आहे. पारावर पुष्कळ आहे.

मी दक्षिणेची वाट धरली. येडशीला आलो, रामलिंगाच्या दरीत उतरलो. येथे जटायूने रावणाला अडवले अशी लोकांची श्रद्धा आहे. आता हे अभयारण्य आहे. ह्याच बाजूने पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावे. अडीच फुटांच्या रुळांवरची ही गाडी १८९७ साली प्रथम बार्शीपर्यंत आली, आणि वाढत वाढत १९११ साली लातूरला पोहोचली. पुढे २००७-०८ च्या सुमारास मार्ग रुंद झाला आणि धाराशिव शहरावरून वळवण्यात आला. शहराला गाडी मिळाली हे योग्यच झाले. पण ज्या गावांवरून जुनी छोटी गाडी नव्वदांवर वर्षे गेली, त्यांच्याकडे आता त्या छोट्या गाडीच्या आठवणी तेवढ्या उरल्या.

त्यांतले एक गाव कसबे तडवळे. १९४१ सालच्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या गावी महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. गावाने बैलगाडीतून त्यांची मिरवणूक काढली. मी तेथे सायकल टेकवून बसलो आणि ‘वतन’ ह्या शब्दाचा विचार करू लागलो. शब्द केवढा भारदस्त! आणि अर्थ काय? तर पिढ्यान्‌पिढ्या गावाचे आणि सरकारचे पडेल ते काम करायचे आणि बदल्यात तुकडाभर जमीन व बलुते घ्यायचे. कामाला तास नाहीत, मोबदल्याला हिशेब नाही. ज्याला आम्ही संघटनेत ‘बिनहजेरीचे काम’ म्हणतो, त्याची ही आजी. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, आणि १९४२ साली मध्यवर्ती सरकारातले मजूर खाते त्यांच्याकडे आले, हे ध्यानात घेतले म्हणजे तडवळ्याची परिषद ही केवळ एका जातीची सभा राहत नाही. ज्यांच्या कामाची कोठे नोंदच होत नाही, त्यांची ती सभा होती.

मुक्कामाला तेरला पोहोचलो. तेर म्हणजे पूर्वीचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेच्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे दर्यावर्दी टिपण लिहिले, त्यात पैठणच्या बरोबरीने तगराचे नाव आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे शहर. तेथून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाई आणि जहाजांत चढे. तेरला विटांचे त्रिविक्रमाचे मंदिर आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे जाणकारांचे मत आहे. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीतून निघणारे मणी, मूर्ती, खापरे हयातभर जमवली. त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेथे उभे आहे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या मनुष्याने गावाचा इतिहास कसा वाचवावा, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेथे जावे. मला स्वतःला तेथे फार धीर आला.

पण संग्रहालयातून बाहेर पडताना एक प्रश्न मनात घोळू लागला. त्या टिपणात कापडाचे नाव आहे, बंदराचे नाव आहे, वाटेचे दिवस आहेत. ते कापड कोणी विणले? गाडी कोणी हाकली? चाक रुतल्यावर खांदा कोणी लावला? एकाचेही नाव नाही. ह्याच तेरमध्ये कष्टकऱ्याचे एक नाव मात्र सातशे वर्षे टिकले, आणि ते धंद्यासकट टिकले: गोरा कुंभार. तो संत झाला म्हणून टिकला. बाकीचे कुंभार, कोष्टी, गाडीवान कोठे गेले?

ह्या विचारात दुसऱ्या दिवशी परत फिरलो. चैत्री पौर्णिमा तोंडावर आली होती. येडेश्वरीच्या यात्रेला माणसे पायी निघाली होती. साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीचे लोकही नुकतेच गावी आले होते. एका चढावर बाभळीचा काटा लागला आणि पंक्चर झाले. ठिगळ होते, पंप घरी राहिला होता. सायकल ढकलीत चालू लागलो. शेजारून एक चाळिशीची बाई चालत होती, डोक्यावर बोचके. तिने मला ओळखले. आदल्या दिवाळीत मी तिच्या तांड्याबरोबर जाणाऱ्या मजुरांची यादी केली होती.

मी म्हटले, ‘ताई, यंदा हंगाम कसा झाला?’

ती म्हणाली, ‘दादा, माझा हात मोडला फडात. मोळी घिऊन ट्रकावर चढताना फळी सरकली. मुकादम म्हनला, तुजं नावच न्हाई, पैसं कुनाच्या नावानं मागू?’

मी तावातावाने म्हणालो, ‘नाव कसे नाही? माझ्या वहीत आहे.’

‘तुमच्या वहीत मालकाचं हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी एक कोयता लिवला. ऊस त्येनी तोडला. मोळ्या म्याच वाहिल्या न्हवं?’

श्रोतेहो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. मुकादम तसे लिहितो, त्याचा त्यात फायदा आहे. पण मी संघटनेचा माणूस. मीसुद्धा तसेच लिहीत आलो होतो! माझ्या वहीत ४० कोयते म्हणजे ४० नावे. माणसे ८० होती. जीपमधून उतरून, घाईने यादी करून मी पुढच्या गावाला गेलो होतो. तगराच्या कापडाचे टिपण करणाऱ्या व्यापाऱ्याला मी आदल्या दिवशी मनातल्या मनात दोष दिला होता. तोच दोष माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर होता.

येरमाळ्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. तिचे नाव मी त्या वाटेवर प्रथम विचारले. नुकसानभरपाई तिला मिळवून देता आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, कागद नव्हता. पण त्या दिवाळीपासून आमच्या वहीत दोन रकाने झाले, आणि यादी करायला मी सायकलीवरून जातो. एका दिवसात तीन गावे कमी होतात. होऊ द्यात.

हल्ली रविवारी पहाटे शहरातली तरुण मंडळी सुंदर सायकली घेऊन बाहेर पडतात. मला त्यांचे कौतुक वाटते. त्यांना एवढेच सांगणे की, किती किलोमीटर झाले हे जरूर मोजा. पण तेरला जा, तडवळ्याला थांबा, पारावर चहा घ्या, आणि जो भेटेल त्याला त्याचे नाव व काम विचारा. बाईला तिचे स्वतःचे नाव विचारा. जुने दगड पुष्कळांनी पाहून ठेवले आहेत. चालती माणसे पाहायची राहिली आहेत.

येडेश्वरीच्या यात्रेत पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या काळ्या रानातून भाविक चुनखडीचे खडे वेचतात. एकेकाच्या मुठीत चार खडे; पण वाकणारे लाखो असल्यामुळे त्यांची रास पडते. काळ्या मातीत पांढरा खडा दिसायचा, तर वाकावे लागते. घोड्यावरून तो दिसत नाही आणि मोटारीतूनही नाही.