जागराचा क्रम



गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीचं कीर्तन अकराच्या सुमारास उठतं. बायाबापड्या, लेकरं घरी जातात. मंडपात वीस-पंचवीस माणसं उरतात आणि हरिजागर सुरू होतो, तो पहाटेच्या काकड्यापर्यंत. दिवसभर हरभरा सोंगून आलेली ही माणसं. त्यांना एवढा वेळ गाण्यात धरून ठेवायचं कसं, हे मी आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मंडपांमधूनच शिकलो.

पहिल्यांदा चुकलो. कीर्तन उठताच दोन गौळणी लावल्या, लगेच भारूड, टाळ एकदम चढे. मंडप नाचला. दीड वाजता पाहिलं, तर वीणेकरी, पखवाजी आणि मी. बाकीचे चादर ओढून झोपलेले. म्हातारे वीणेकरी एवढंच म्हणाले, “सुरुवातीलेच गौळन नोको लावू बापा, लोकाईले बसू दे.”

बसू द्यायचं म्हणजे काय, हे पुढे कळत गेलं. आधी ठाय लयीत नामघोष. पखवाजानं नुसता ठेका धरायचा, बोल उधळायचे नाहीत. मग रूपाचा अभंग, तोही काळी चारमध्ये सावकाश. मान डोलायला लागली की समजावं, माणूस बसला. पखवाजाच्या धुमेवरची कणीक रात्री वाळते, आवाज कोरडा पडतो. पखवाजी पाण्याचा हात घेऊन ती पुन्हा मळून लावतो, तेवढा वेळ गाणं थांबतं. नवखे गवई या वेळी गप्पा मारतात आणि श्रोता निसटतो. आम्ही तेव्हा फक्त वीणा आणि नाम चालू ठेवतो. ताल नसलेल्या त्या दोन मिनिटांत मंडप जितका कान देऊन ऐकतो, तितका क्वचितच ऐकत असेल.

रूपाच्या अभंगानंतर मी चोखोबांचा अभंग घेतो, आणि ती जागा मी कुणाला बदलू देत नाही. चोखोबांचं जन्मगाव म्हणून आपण देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा मानतो. विठ्ठलाचं रूप डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि लगेच त्या रूपापाशी ज्याला जाऊ दिलं नाही त्याचा आवाज आला, की ऐकणारा ताठ बसतो. हेच अभंग उलट क्रमानं म्हटले तर दोन्ही अभंग गोडच लागतात, पण काळजाला भिडत नाहीत.

गौळण, भारूड दोननंतर. झोप तेव्हाच जड असते. लय वाढवायची ती पायरीपायरीनं, दर कडव्याला थोडी. रागही घड्याळाबरोबर सरकतात: मध्यरात्री मालकंस, पहाटे भैरव आणि उठताना भैरवी.

आपल्यापैकी अनेकांनी रेडिओवर अमीन सायानींची गीतमाला ऐकली असेल. 1952 साली रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली. पुढे गाणी पायदानांवर चढत जायची आणि सगळ्यांत वरचं गाणं शेवटी यायचं. त्याच्या ओढीनं घरं रेडिओपाशी बसून राहायची. जागरात तसं करून चालत नाही. शिखर दोन-अडीचला येऊन गेलं पाहिजे, कारण पुढे काकडा आहे. तिथे वासुदेव येईल, आंधळा-पांगुळ येतील, जोगी येईल, आणि त्यांच्यासाठी गळाही हवा आणि कानही. हल्ली सिनेमाच्या चाली घालून पहाटेपर्यंत सारखं शिखरच ठेवतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्यात कर्ण्याचा आवाज तेवढा दमत नाही.

म्हणून साडेतीनला मी सगळे टाळ खाली ठेवायला सांगतो. एकच आवाज, एक वीणा, आणि सोयराबाईंचा एखादा अभंग. सोयराबाई म्हणजे चोखोबांच्या पत्नी, स्वतःच्या शब्दांत बोलणाऱ्या कवयित्री. तो अभंग चालू असताना घरी गेलेल्या बाया अंघोळी करून परत येऊ लागतात. ओल्या केसांनी, ताटात काकडा घेऊन, पाय न वाजवता त्या मागे येऊन बसतात.